मिर्झापूरच्या खासदार बाई

फूलन देवी बंदूक घेऊन यमुना-चंबळच्या बीहडांत फिरली ती जेमतेम साडेतीन वर्षं. त्यानंतर अकरा वर्षं ती तुरुंगात होती, आणि सुटल्यावर उरलेलं सात-साडेसात वर्षांचं आयुष्य तिनं राजकारणात काढलं. तरी तिच्यावरची पुस्तकं, सिनेमा आणि वर्तमानपत्रांतल्या मालिका चाळल्या, तर बहुतेक शाई त्या साडेतीन वर्षांवरच खर्ची पडलेली दिसते. बाई दोनदा लोकसभेवर निवडून आली. पण तिची खासदारकी म्हणजे दरोडेखोरीच्या गोष्टीला चिकटलेलं शेपूट, असंच सगळ्यांनी धरलं. मला ते मुळातच उलटं वाटतं. गंगा-यमुनेच्या काठच्या नावाडी आणि मच्छीमार जातींना दिल्लीत ओळखला जाईल असा चेहरा फूलनमुळे मिळाला. पुढे त्या चेहऱ्याच्या आधारानं कुणी आमदार झालं, कुणी मंत्री, आणि कुणी तर पक्षच काढले.

आपल्याकडे मच्छीमार म्हटलं की कोळीवाडा, होडी आणि समुद्र डोळ्यांपुढे येतो. उत्तरेतल्या मल्लाहाचं तसं नाही. नदीतल्या मासळीवर त्याचं वर्षभराचं पोट कधीच भरत नसे. पावसाळ्यात नाव चालवायची, पाणी उतरलं की जाळं टाकायचं, हिवाळा सरत आला की उघड्या पडलेल्या वाळूत काकडी, खरबूज, कलिंगडाचे वेल लावायचे, असा तो तिहेरी संसार. शिवाय बुडालेल्याला बाहेर काढायला गोताखोर म्हणून पोलीस बोलावणार तेही त्यालाच. मल्लाह, केवट, बिंद, निषाद, कश्यप अशी नावं गावागणिक बदलतात, धंदा साधारण हाच. यातला एकेक भाग त्याच्या हातून गेला. पूल झाले आणि नाव गेली. घाटांचे, वाळूचे ठेके निघाले आणि पैसेवाल्यांनी ते घेतले. दिल्लीत तर १९५९ साली वजीराबादचा बंधारा झाला, त्याच्या खाली नजफगढ नाल्याचं सांडपाणी यमुनेत मिळत राहिलं, आणि राजधानीतल्या मल्लाहाची नदी बहुतांशी गटार झाली.

फूलनचा जन्म १९६३ चा, जालौन जिल्ह्यातल्या यमुनाकाठच्या गोऱ्हा का पुरवा या वस्तीतला. वडील देवीदीन यांची जमीन भाऊबंदकीत अडकलेली. चुलतभाऊ मायादीननं शेतातलं मोठं कडुनिंबाचं झाड तोडून विकलं, तेव्हा वडील गप्प बसले आणि दहा-अकरा वर्षांची पोरगी मात्र त्याच्या दारात जाऊन भांडली. हे झाड तिच्या सगळ्या चरित्रांत येतं, आणि ते यायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्या जमिनीच्या वादातून आलं. अकराव्या वर्षी तिचं लग्न तिशी उलटलेल्या माणसाशी लावून दिलं. तिथला छळ सोसून ती परत आली, तर गावानं तिला नासलेली ठरवली. १९७९ मध्ये चुलतभावाच्या तक्रारीवरून ती कोठडीत गेली, आणि त्याच वर्षी दरोडेखोरांनी तिला पळवून नेलं. टोळीतही जात होतीच. तिला जवळ करणारा विक्रम मल्लाह, आणि त्याला मारणारे श्रीराम आणि लालाराम हे ठाकूर भाऊ. विक्रमच्या खुनानंतर बेहमई गावात तिच्यावर जे अत्याचार झाले, त्यांचे तपशील मी इथे देत नाही. ते पुरेसे चघळून झाले आहेत. १४ फेब्रुवारी १९८१ ला त्याच बेहमईत वीस माणसांना रांगेत उभं करून गोळ्या घातल्या गेल्या. गोळ्या आपण झाडल्या नाहीत, असं फूलन शेवटपर्यंत सांगत राहिली.

शरणागतीची कथा राजकारणाच्या दृष्टीनं जास्त बोलकी आहे. भिंडचे पोलीस अधीक्षक राजेंद्र चतुर्वेदी महिनोन्महिने मध्यस्थी करत होते. उत्तर प्रदेश पोलिसांवर फूलनचा विश्वास नव्हता, म्हणून तिनं शेजारचा मध्य प्रदेश निवडला. अटी घातल्या: फाशी नको, आठ वर्षांपेक्षा जास्त कैद नको, घरच्यांना जमीन हवी, भावाला नोकरी हवी. १२ फेब्रुवारी १९८३ ला भिंडमध्ये हजारोंच्या गर्दीपुढे, व्यासपीठावरच्या गांधीजींच्या आणि दुर्गेच्या तसबिरींना नमस्कार करून तिनं मुख्यमंत्री अर्जुन सिंहांसमोर बंदूक ठेवली. एक निरक्षर, विशीही न गाठलेली बाई दोन राज्यांच्या सरकारांमधला फरक ओळखते, त्याचा फायदा घेते आणि स्वतःच्या सुटकेइतकीच वडिलांच्या जमिनीची अट रेटते. मला तर हीच तिची पहिली राजकीय वाटाघाट वाटते. वाटाघाटीतलं सगळं काही मिळालं नाही. आठ वर्षांची कबुली अकरा वर्षांवर गेली, तीही खटला न चालता.

डिसेंबर १९९३ मध्ये मुलायमसिंह यादव बहुजन समाज पक्षाच्या साथीनं उत्तर प्रदेशचे मुख्यमंत्री झाले आणि सरकारनं फूलनवरचे खटले मागे घ्यायचं ठरवलं. फेब्रुवारी १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं ती तुरुंगाबाहेर आली. यात दया होती की हिशेब, असा प्रश्न त्या वेळी पुष्कळांनी विचारला. हिशेब होताच. पण तो नेमका कसला, हे पुढच्या वर्षी कळलं. जून १९९५ मध्ये सपा-बसपा युती मोडली, लखनौच्या सरकारी विश्रामगृहात मायावतींवर हल्ला झाला आणि दलित मतं मुलायमसिंहांच्या हातून गेली. यादव-मुसलमान एवढ्यावर राज्य येत नव्हतं. मग उरल्या त्या अतिमागास जाती: निषाद, बिंद, कुम्हार, राजभर. प्रत्येक जात संख्येनं जिल्ह्याजिल्ह्यांत विखुरलेली, पण एकत्र आली तर निकाल फिरवणारी. त्यांच्यातला सगळ्या देशाला माहीत असलेला माणूस एकच होता, आणि ती नुकतीच तुरुंगातून सुटली होती.

दरम्यान फूलन स्वतःच्या वाटेनंही चालू पाहत होती. सुटल्यावर तिनं एकलव्य सेना काढली. मागास जातींच्या पोरांना स्वसंरक्षण शिकवायचं, असा तिचा हेतू. नावाची निवड चपखल होती. एकलव्य निषादांचा राजपुत्र, आणि त्याचा अंगठा कुणी मागितला हे मल्लाहांच्या पोरालाही ठाऊक असतं. १९९५ मध्ये ती नागपूरला आली आणि दीक्षाभूमीवर पती उमेदसिंह यांच्यासह तिनं बौद्ध धम्म स्वीकारला. याच काळात दिल्लीत दुसरी लढाई चालू होती. शेखर कपूर यांच्या ‘बँडिट क्वीन’मध्ये आपल्यावरचा बलात्कार आपल्या संमतीवाचून दाखवला, म्हणून ती दिल्ली उच्च न्यायालयात गेली. अरुंधती रॉय यांनी तिची बाजू घेऊन लिहिलेला लेख तेव्हा गाजला. शेवटी ब्रिटनच्या चॅनल फोरनं पैसे देऊन तडजोड केली. ज्या बाईला स्वतःची कैफियत वाचता येत नव्हती, ती स्वतःच्या आयुष्याचा सिनेमा कुणी, कसा काढावा याबद्दल कोर्टात भांडत होती. पुढे तिनं आत्मचरित्र सांगितलं ते दुसऱ्यांनी लिहून घेतलं, आणि तिला वाचून दाखवल्यावरच छापलं गेलं.

१९९६ च्या लोकसभा निवडणुकीत समाजवादी पक्षानं तिला मिर्झापूरहून उभं केलं. मिर्झापूर तिच्या गावापासून बरंच पूर्वेला. विंध्यवासिनीचा, पितळी भांड्यांचा, भदोहीच्या गालिच्यांचा मुलुख. तिथं तिचं नातं-गोतं काही नव्हतं. गंगेच्या काठची बिंद आणि मल्लाह वस्ती मात्र होती. समोर भाजपचे वीरेंद्रसिंह. बेहमईच्या विधवाही तिच्याविरोधात मतदारांसमोर आल्या, आणि त्यांचं दुःख खोटं नव्हतं. दिल्लीच्या इंग्रजी वर्तमानपत्रांना वाटत होतं की डाकू राणीचा तमाशा बघायला गर्दी होईल, मतं काही पडायची नाहीत. ती सुमारे ३७ हजार मतांनी निवडून आली.

पुढचा प्रवास सरळ झाला नाही. १९९८ च्या मध्यावधी निवडणुकीत वीरेंद्रसिंहांनीच तिला पाडलं, आणि १९९९ मध्ये तिनं त्यांना पुन्हा हरवलं. मधल्या काळात कानपूरकडचे जुने खटले तिच्या मागे लागलेलेच होते. सरकारनं ते मागे घेतले म्हणून न्यायालयानं सोडून दिले, असं झालं नाही. खासदार म्हणून तिचं काम फार मोठं होतं, असा दावा मी करणार नाही. लोकसभेत गाजलेली भाषणं तिच्या नावावर नाहीत आणि तिच्या नावाचा कुठला कायदाही नाही. पण त्याच लोकसभेत तोंड न उघडता पाच वर्षं काढणारे पदवीधर खासदार थोडे नव्हते, आणि त्यांच्या शिक्षणाची चौकशी कुणी केली नाही. फूलनची केली. तिला वाचता येत नाही, ती दागिने घालते, ती चिडते, हे बातम्यांचे विषय झाले. मतदारसंघातून दिल्लीला येणाऱ्या माणसांना मात्र राजधानीत जाऊन बसता येईल असं एक घर मिळालं होतं: ४४, अशोका रोड.

त्याच रस्त्यावर ११ क्रमांकाच्या बंगल्यात तेव्हा भाजपचं मुख्य कार्यालय होतं. ल्युटेन्सच्या दिल्लीतला हा प्रशस्त, झाडांचा रस्ता, आणि त्यावर सत्ताधारी पक्षाच्या कचेरीचा शेजार लाभलेली मल्लाहाची लेक. २५ जुलै २००१ ला नागपंचमी होती. संसदेचं अधिवेशन चालू होतं. दुपारी दीडच्या सुमारास फूलन जेवायला घरी आली, गाडीतून उतरून फाटकाशी पोहोचली, आणि तोंडं झाकलेल्या माणसांनी तिच्यावर जवळून गोळ्या झाडल्या. सोबतच्या सुरक्षारक्षकानंही गोळीबार केला आणि तो जखमी झाला. राममनोहर लोहिया रुग्णालयात नेईपर्यंत ती गेली होती. वय ३७. मारेकरी मारुती गाडीतून पळाले आणि ती गाडी त्यांनी वाटेत टाकून दिली. दोन दिवसांत रुडकीचा शेरसिंह राणा डेहराडूनमध्ये पुढे आला आणि बेहमईचा सूड घेतला, असं सांगू लागला. तो बेहमईचा नव्हता, बेहमई झालं तेव्हा लहान पोर होता. एकलव्य सेनेच्या कामाच्या निमित्तानं त्यानं तिच्या घरी ये-जा सुरू केली होती. त्या दिवशी सकाळी तो तिच्या घरी खीर खाऊन गेला, असं पोलिसांचं म्हणणं होतं.

फूलनचे अंत्यसंस्कार दिल्लीत किंवा जालौनला झाले नाहीत. ते मिर्झापूरला, गंगेकाठी झाले.

न्यायालयांचा वेग काय असतो, हे दोन्ही खटल्यांनी दाखवलं. राणा २००४ मध्ये तिहार तुरुंगातून पळाला, तोही खोट्या पोलिसांच्या सोबत, कोर्टात नेण्याच्या मिषानं, मुख्य दरवाजातून. २००६ मध्ये तो कोलकात्यात सापडला. ऑगस्ट २०१४ मध्ये त्याला जन्मठेप झाली आणि बाकीचे आरोपी सुटले. मध्यंतरी २०१२ मध्ये दिल्लीजवळच्या जेवर मतदारसंघातून तो विधानसभेलाही उभा राहिला आणि पडला. बेहमई खटल्याचा निकाल तर घटनेच्या त्रेचाळिसाव्या स्मृतिदिनी, १४ फेब्रुवारी २०२४ ला लागला. तोपर्यंत बहुतेक आरोपी मेले होते. एकाला जन्मठेप झाली.

तिच्या मागे मिर्झापूरची पोटनिवडणूक समाजवादी पक्षाच्याच रामरती बिंद यांनी जिंकली. म्हणजे जागा नदीकाठच्या जातींकडेच राहिली. तिकडे गोरखपूरला जमुना निषाद यांनी १९९९ मध्ये योगी आदित्यनाथांना असं झुंजवलं की योगींचं मताधिक्य ७,३३९ वर आलं. हेच जमुना निषाद २००७ मध्ये पिपराइचमधून आमदार झाले आणि मायावतींच्या मंत्रिमंडळात गेले. वर्षभरातच महाराजगंजच्या पोलीस ठाण्यात झालेल्या गोळीबाराच्या प्रकरणात त्यांना राजीनामा द्यावा लागला, आणि २०१० मध्ये रस्ते अपघातात ते वारले. त्यांच्या पत्नी राजमती पुढे त्याच जागेवरून आमदार झाल्या. नंतर आले संजय निषाद. २०१५ च्या जूनमध्ये त्यांनी आरक्षणासाठी गोरखपूरजवळ कसरवल इथे रेल्वे अडवली, गोळीबारात एक तरुण मेला. वर्षभरानं त्यांनी निषाद पार्टी काढली. २०१८ मध्ये त्यांचा मुलगा प्रवीण मुख्यमंत्री झालेल्या योगींनी सोडलेली गोरखपूरची जागा समाजवादी पक्षाच्या चिन्हावर जिंकून गेला. योगींच्या मठाच्या ज्या गडाला वर्षानुवर्षं कुणी हात लावला नव्हता, तो एका मल्लाहानं घेतला. वर्षभरात बाप-लेक भाजपच्या बाजूला गेले, हाही त्याच गोष्टीचा भाग. संजय निषाद विधान परिषदेवर आले आणि २०२२ मध्ये मंत्री झाले.

हे सगळे अनुसूचित जातींत घेण्याच्या ज्या एका मागणीभोवती फिरतात, ती दिल्लीच्या परिसरात उभं राहिलं तर चांगली कळते. दिल्लीच्या यादीत मल्लाह अनुसूचित जातीत आहे. यमुनेचा पूल ओलांडून नोएडा-गाझियाबादला गेलं, की तोच मल्लाह इतर मागासवर्गीय होतो. नदी एक, जाळं एक, सोयरिक एक, पण शाळेची फी, नोकरीची जागा आणि उमेदवारीचा मतदारसंघ वेगळा. उत्तर प्रदेशच्या अनुसूचित जातींत मझवार आहे, आणि मल्लाह-केवट ही मझवारांचीच दुसरी नावं, असा निषाद नेत्यांचा युक्तिवाद आहे. मुलायमसिंहांनी २००५ मध्ये, अखिलेश यादव यांनी २०१६ मध्ये आणि योगींनी २०१९ मध्ये अशा सतरा जातींना दलितांत घालायचे आदेश काढले. तिन्ही आदेश अलाहाबाद उच्च न्यायालयात अडकले; ऑगस्ट २०२२ मध्ये उरलेसुरलेही रद्द झाले. अनुसूचित जातींची यादी बदलायचा अधिकार संसदेचा आहे, राज्याचा नाही, हे आदेश काढणाऱ्या तिघांनाही माहीत असणारच. महाराष्ट्रात हे दुखणं नवं वाटायचं कारण नाही. महादेव, मल्हार, डोंगर कोळी आदिवासी आणि सोनकोळी विशेष मागास, हा घोळ जात पडताळणी समितीच्या दारात ताटकळलेल्या कुठल्याही कोळ्याला विचारावा.

आणखी एक गोष्ट या नेत्यांच्या कारकिर्दी शेजारी शेजारी ठेवल्या की लक्षात येते. मल्लाह मंत्री झाला की त्याला मत्स्य खातं मिळतं. जमुना निषादांकडे तेच होतं, संजय निषादांकडे तेच आहे, बिहारमध्ये मुकेश सहनींकडेही तेच गेलं. वरवर पाहता यात मानच दिसतो. पण मल्लाहाचं जे हातून गेलं, ते मत्स्य खात्यात नाहीच. वाळू खनिकर्म खात्याकडे, पाणी पाटबंधाऱ्यांकडे, पूल बांधकाम खात्याकडे, नदीपात्रातली जमीन महसुलाकडे. ती खाती त्यांना कुणी देत नाही. मत्स्यमंत्री तळ्यांचे पट्टे वाटतो, मत्स्यबीज वाटतो, आणि समाजाचा माणूस मंत्री आहे याचं समाधान वाटतो.

मुकेश सहनी यांचा उल्लेख आलाच, तर त्यांचं थोडं सांगायला हवं, कारण त्यांची सुरुवात मुंबईची. दरभंगा जिल्ह्यातला हा पोरगा विशीच्या आत पळून मुंबईला आला, सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात विक्रेता म्हणून राबला, मग सिनेमाचे सेट उभारण्याच्या धंद्यात शिरला आणि ‘देवदास’च्या सेटच्या कामावर त्याचं नाव झालं. पैसा घेऊन तो बिहारला परतला आणि ‘सन ऑफ मल्लाह’ अशा जाहिराती देऊन त्यानं २०१८ मध्ये विकासशील इन्सान पार्टी काढली. पक्षाचं चिन्ह नाव. २०२० मध्ये पाटण्यातल्या भर पत्रकार परिषदेतून, पाठीत खंजीर खुपसला म्हणत तो तेजस्वी यादवांची साथ सोडून निघाला आणि भाजपच्या बाजूला गेला. पक्षाचे चार आमदार आले, स्वतः पडला, तरी मंत्री झाला आणि विधान परिषदेवर दीड वर्षाची उरलेली मुदत मिळाली.

२५ जुलै २०२१ ला, फूलनच्या विसाव्या स्मृतिदिनी, सहनींनी उत्तर प्रदेशात अठरा ठिकाणी तिचे पुतळे बसवायचं ठरवलं. पोलिसांनी पुतळे जप्त केले, आणि बिहारच्या मंत्र्याला वाराणसीच्या विमानतळावरूनच परत पाठवलं. दोन्ही राज्यांत सरकार भाजप आघाडीचंच होतं. सहनी मग २०२२ ची उत्तर प्रदेश विधानसभा स्वबळावर लढले आणि त्यांची एकही जागा आली नाही. त्याच मार्चमध्ये बिहारमधले त्यांचे उरलेले तीनही आमदार भाजपमध्ये गेले आणि त्यांचं मंत्रिपद काढून घेतलं गेलं; जुलैत परिषदेची मुदतही संपली. ऑक्टोबर २०२५ मध्ये तेजस्वी यादवांच्याच महाआघाडीनं त्यांना उपमुख्यमंत्रिपदाचा चेहरा म्हणून जाहीर केलं. नोव्हेंबरात मतमोजणी झाली तेव्हा त्यांच्या पक्षाला एकही जागा मिळालेली नव्हती.